सप्रेकाकांची तेरा आवर्तने

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. बनारसमध्ये, राजा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी मी उभी होते. पाठीवर गिटार, हातात पुस्तकांचे खोके. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझे नाव विचारले नाही. त्यांनी मधले बोट वाकवून माझ्या गिटारच्या पेटीवर दोनदा टकटक केली, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, "डबा ठीक आहे. आतलं काढ."

"अहो, आधी तिला आत तर येऊ द्या!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "काल गॅसवाल्यालाही दारात उभं करून सिलिंडर वाजवत होते. तो बिचारा घाबरला."

मी खोली भाड्याने बघायला आले होते. पण आधी गिटार काढावी लागली. त्यांनी तिची पाठ, बाजू, पोट असे क्रमाने ठोकले. तारा अडकवतात त्या पट्टीच्या खाली त्यांचे बोट थबकले. "इथं चीर आहे, बेटा. केसाएवढी."

"मला तर दिसत नाही."

"दिसत नाहीच. ऐकू येते."

यंत्रांच्या आवाजावरून त्यांच्यातले दोष ओळखणे हा माझा विषय. त्यासाठीच मी कराडहून इथल्या विद्यापीठात संशोधनाला आले होते. दुसऱ्याच दिवशी मी गिटार प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यावर कंपनमापक चिकटवला. चीर निघाली, पट्टीच्या खाली, डाव्या बाजूला, अकरा मिलिमीटर. माझ्या उपकरणाला जे शोधायला चाळीस मिनिटे लागली ते या माणसाने वाकवलेल्या बोटाने चार सेकंदांत शोधले होते. त्या संध्याकाळी मी खोली घेतली.

विनायक सप्रे रेल्वेत होते. लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीच्या बाजूने चालायचे, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचे, हे त्यांनी तीस वर्षे केले. धड चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले चाक मडक्यासारखे. मडके वाजले की डब्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, असे लिहायचे. मग डबा गाडीतून काढला जाई. "तडे शोधून मी पगार घेतला," ते म्हणत, "आणि संध्याकाळी घरी येऊन तेच तडे वाजवले." जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, एका अँग्लो-इंडियन गार्डने निवृत्त होताना त्यांना आपली गिटार आणि जॅझची एक हस्तलिखित वही देऊन टाकली होती. वही बनारसच्या दमट हवेत गेली. गिटार राहिली.

सत्तर ओलांडलेला हा माणूस बसत नसे. चहा उभ्याने, वर्तमानपत्र चालताना. पान उलटायचे ते स्वयंपाकघराच्या दाराशी वळताना. पहिल्या रविवारी पोहे खाताना ते किती वेळा उठले ते मी मोजले: नऊ वेळा. मोजणे ही माझी खोड आहे. काकूंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "केतकी, मोजू नकोस. मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडून दिलं." काकांचे यावर एक ठरलेले वाक्य होते: "उभी राहिली की गाडी गंजते."

गिटारचा पहिला धडा त्यांनी खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत दिला. मी कॉलेजात शिकलेले, स्वच्छ बसवलेले काहीतरी वाजवून दाखवले. ते ऐकून त्यांनी खिडकीच्या गजावर ताल धरला आणि मध्येच सोडला.

"सा, ग, प. तिघंही सज्जन. पण सज्जन माणसं एकत्र बसली की किती वेळ बोलणार? पहिले तब्येत, मग हवामान, मग संपलं. तू तिघं भांडणारे घे. हे बघ, सा, तीव्र म आणि वरचा नि. आता यांना एका खोलीत कोंड."

त्यांनी तीन बोटांनी तीन तारांवर तो आकार धरला. एकत्र छेडला तेव्हा तो कानाला टोचला. मग त्यांनी तेच स्वर सुटे वाजवले, हाताचा आकार जराही न बदलता तो तीन पडदे वर सरकवला, पुन्हा सुटे वाजवले, एक पडदा खाली आणला, पुन्हा वाजवले. आणि जे टोचत होते त्याची एक धावती ओळ झाली. ती कुठे चालली आहे ते कळत नव्हते, पण तिला ते माहीत आहे याबद्दल शंका उरत नव्हती. "हात एकच गोष्ट धरून ठेवतो," ते म्हणाले, "म्हणून कान मोकळा सुटतो. हाताला भटकू दिलंस तर कान घरी बसतो."

मला हे मोजायचे होते. दोष शोधणाऱ्या माझ्या संगणकप्रणालीला मी संगीत ऐकवून पाहणार होते: पुढचा स्वर कोणता येईल याचा तिने अंदाज करायचा आणि अंदाज चुकेल तिथे खूण करायची. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागेसाठी अर्ज करायचा होता. त्यासोबत असा वेगळा नमुना गेला तर माझी फाइल ढिगातून वर येईल, असा माझा हिशेब होता. मार्चअखेरपासून दर रविवारी सकाळी साडेसातला मी ध्वनिमुद्रण सुरू केले. तालाला लल्लनभैया येत. रामनगरला त्यांचे सायकलींचे दुकान होते आणि लग्नसराईत ते बँडमध्ये ड्रम वाजवत. पुलावरून स्कूटर हाकत यायचे, एक लहान ड्रम आणि एक झांज घेऊन, आणि जिन्यातूनच ओरडायचे, "का गुरु, आज बैठिएगा कि खड़े-खड़े जान लीजिएगा?"

असे चौदा रविवार झाले. मुद्रणे मोठी होती आणि माझ्या संगणकात जागा थोडी. म्हणून प्रणाली प्रत्येक मुद्रण 'स्वच्छ' करी, स्वच्छ प्रत ठेवी आणि मूळ पुसून टाकी. हा नियम मीच लिहिला होता. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर तो यंत्राने चुकून दोनदा मोजलेला असतो, हे आमच्या क्षेत्रात सगळे धरून चालतात, मीही धरले. दुसरा स्वर आपोआप गळत होता.

जुलैमध्ये मी काकांना एक स्वच्छ प्रत ऐकवली. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि उभे राहिले. त्यांना असे निश्चल उभे मी तोवर पाहिले नव्हते.

"यातले तडे कुठे गेले?"

"काढले. म्हणजे, चुका होत्या त्या."

"तू काढल्यास?" त्यांचा आवाज चढला नाही. "बेटा, तडा शोधणारा वेगळा आणि काढणारा वेगळा. आपण शोधणारे. आपल्या हातात फक्त खडू असतो."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मी माझ्या खोलीत येऊन, नेमके काय पुसले गेले आहे ते पाहायला बसले. मूळ आवाज परत येणार नव्हते, पण गाळलेल्या प्रत्येक स्वराचा क्रमांक प्रणालीने नोंदवून ठेवला होता. त्या क्रमांकांमधली अंतरे मी कागदावर उतरवली. दोन, तीन, तीन, पाच. दोन, तीन, तीन, पाच. पानभर तेच. चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत. बेरीज तेरा.

मी कागद घेऊन धावत बाहेर गेले. मला शोध लागला होता. काकांनी कागद दूर धरून वाचला आणि मोठ्याने हसले.

"अगं, ऐकलंस का? केतकीला घन सापडला!"

काशीतल्या कितीतरी मराठी घरांप्रमाणे सप्र्यांचे घराणे वैदिकांचे. काकांच्या वडिलांनी त्यांना सातव्या वर्षी पाठाला बसवले. मंत्रातले तीन शब्द घ्यायचे आणि ठरलेल्या क्रमाने म्हणायचे: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. हा घन. असे उलटसुलट म्हटल्याने एक अक्षरही हलत नाही, गळत नाही. शेकडो वर्षे ते तसेच राहते. काका पाच वर्षे बसले आणि उठले. "बसणं जमेना, म्हणून पाठ सुटला. चाल नाही सुटली. मी मंत्राला हात लावला नाही, हं. तो बाबांचा. मी फक्त चाल घेतली आणि तिच्यावर माझे तीन भांडखोर चढवले."

दोन-एक संपून एक-दोन-तीन सुरू होताना 'एक' लागोपाठ दोनदा येतो. तिथेच ओळ वळते. एक अक्षरही गळू नये म्हणून जी चाल बांधली गेली, तिच्यातले दर घनाला चार स्वर मी चौदा रविवार गाळत होते, आणि त्याला स्वच्छता म्हणत होते.

माफी मागायला मला शब्द सापडेनात, म्हणून मी आकडेमोड केली. काका वाजवत ते आवर्तन बारा खंडांचे. खंडात आठ स्वर, म्हणजे शहाण्णव. घन तेरा स्वरांचा. त्यामुळे घन दरवेळी आवर्तनाच्या वेगळ्याच जागी संपे. ओळ सतत पुढे झुकलेली वाटे ती यामुळेच. दोघे एकाच क्षणी कधी संपतील? मी कागद पुढे केला. तेरा आवर्तने, शहाण्णव घन, एक हजार दोनशे अठ्ठेचाळीस स्वर. त्यानंतरची सम दोघांची. त्यांच्या नेहमीच्या लयीत, म्हणजे मिनिटाला एकशे छप्पन्न मात्रा धरल्या तर, बरोबर चार मिनिटे.

"कुठंतरी भेटत असणार, एवढं वाटायचं," काका हळू म्हणाले. "आकडा नव्हता." मग बराच वेळ ते गच्चीत फेऱ्या घालत राहिले. खाली आले तेव्हा म्हणाले, "काय केलंस गं हे! आता झोप गेली."

झोप जायला आणखी एक कारण होते. त्यांच्या डाव्या हाताची अनामिका आत वळत चालली होती. तळहाताच्या कातडीखालचा पापुद्रा जाड होत होता आणि बोटाला दोरीसारखा ओढत होता. हात टेबलावर पालथा ठेवला की ते बोट टेकत नसे. मार्चमध्ये मी सहज कोनमापक लावला होता: बावीस अंश. जुलैमध्ये पस्तीस. ऑपरेशन करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मात्र नंतर कित्येक महिने हात आखडलेला राहील, पूर्वीचा वेग येईल याची खात्री नाही, आणि फार उशीर केला तर सांधा कायमचा धरेल. भांडखोर त्रिकुटातला तिसरा स्वर अनामिकेचा होता.

"एकदा तेरा पूर्ण करतो," काका म्हणाले. "एकदाच. मग हात कापा की जोडा."

"करंगळी वापरा ना," मी सुचवले.

"करंगळीला घरचं काही ठाऊक नाही. ती आत्ता कुठं सासरी आली आहे."

अर्जाची मुदत त्याच महिन्यात होती. नमुन्याच्या जागी मी लिहिले की मूळ मुद्रणे माझ्या चुकीमुळे नष्ट झाली आहेत. त्या वर्षी जागा मिळाली नाही. ते मी काकूंना सांगितले, काकांना नाही. काकूंनी सांगितले असावे, कारण दुसऱ्या सकाळी माझ्या टेबलावर खडूचा एक तुकडा ठेवलेला होता.

ऑगस्टपासून आम्ही तिघे त्या तेरा आवर्तनांच्या मागे लागलो. सप्टेंबरमध्ये सहाव्याला खंड पडला, कोन त्रेचाळीस. ऑक्टोबरमध्ये काका नवव्यात पोचले आणि आतून काकू ओरडल्या, "आठव्यात उलटा विसरलात, तीन-दोन-एक!" त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांचे माहेरही वैदिकांचे. घन त्यांच्या कानावर पाळण्यापासून पडलेला. माझ्या प्रणालीने ती चूक पकडली नव्हती. एकदा वीज गेली, एकदा तार तुटली, एकदा लल्लनभैयांना शिंक आली. संशोधन करते म्हणून मला 'डाक्टर दीदी' म्हणणारे लल्लनभैया स्कूटरवरून येऊन गारठलेले हात चोळत म्हणाले, "गुरुजी, सात फेरा में आदमी जिनगी भर खातिर फँस जाता है। आप तेरह के चक्कर में पड़े हैं। हमरी डाक्टर दीदी से आपका कौन जनम का बैर है?"

"हिनेच आकडा दिला," काकांनी माझ्याकडे डावी अनामिका केली. ते बोट वाकडेच होते.

नोव्हेंबरमध्ये अकरा आवर्तने झाली. कोन एकावन्न. बोट तारेवर पोचवण्यासाठी काका आता मनगट खाली टाकत आणि अंगठा मागे सरकवत. आकार तोच ठेवण्यासाठी बाकी सगळा हात बदलत होता. डॉक्टरांनी तारीख दिली: मंगळवार, १० डिसेंबर. म्हणजे आमच्याकडे एकच रविवार उरला.

पुढचे आधीच सांगून टाकते. ऑपरेशन नीट झाले. जानेवारीत बोटाचा कोन सहा अंश होता आणि काका रबरी चेंडू दाबत घरभर हिंडत होते. सरळ झालेले बोट जुन्या आकारावर बसेना. त्याचा त्यांना खेद दिसला नाही. "नवा हात, नवा आकार," ते म्हणाले आणि काकूंच्या पोळपाटावर तीन बोटे वेगवेगळी टेकवून बघू लागले. फेब्रुवारीत एका पहाटे ते झोपेत गेले. हे त्यांना शोभले नाही, असे काकू अजून म्हणतात.

तर तो रविवार, ८ डिसेंबर. गंगेवर धुके इतके होते की रामनगरचा किनारा दिसत नव्हता. काकूंनी गरम पाण्याचे पातेले आणून काकांचा डावा हात त्यात धरून ठेवला, लहान मुलाचा धरावा तसा. मी कोन मोजला: चोपन्न. लल्लनभैयांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. आणि काका खुर्चीत बसले. मी त्या घरात आल्यापासून ते वाजवायला बसलेले मी प्रथमच पाहत होते.

"पहिल्या पडद्यापासून निघायचं आणि तिथंच यायचं," त्यांनी सांगितले. गिटारच्या त्या टोकाला पडदे सर्वांत लांब-लांब असतात; अनामिकेला तिथेच सर्वांत जास्त ताणावे लागते. शेवट वरच्या पडद्यांवर घ्या, असे सुचवण्याऐवजी मी मुद्रण सुरू केले.

आठ वाजून दोन मिनिटांनी लल्लनभैयांनी चार मात्रा दिल्या.

पहिली चार आवर्तने सहज गेली. तो आकार गिटारच्या गळ्यावर वर गेला, खाली आला, भलत्याच जागी उतरला आणि तिथून पुन्हा निघाला. सातव्यात त्यांचे मनगट थरथरू लागले. आठव्यातला उलटा आला. काकूंची मान हलली. अकराव्याच्या पुढे आम्ही कोणीच कधी गेलो नव्हतो. बाराव्यात लल्लनभैयांनी डोळे मिटले. माझ्यासमोर संगणकाच्या पडद्यावर स्वरांचा आकडा वाढत होता आणि मी त्याच्याकडे बघणे सोडून दिले होते. तेराव्याच्या शेवटच्या खंडात आकार खाली पहिल्या पडद्याशी आला. तीन-दोन-एक. एक, दोन —

अनामिका निघाली, पण पोचली नाही. तारेच्या अलीकडे, हवेत, वाकलेली राहिली. तेवढी जागा रिकामी गेली आणि लल्लनभैयांची झांज समेवर पडली. अगदी बरोबर.

झांजेचा नाद विरला.

"काका," मी म्हणाले, "शेवटचा मला ऐकू आला."

"मलाही," काकू दारातून म्हणाल्या.

"हमको भी, गुरुजी। गंगा मैया की कसम।"

काकांनी गिटार खाली ठेवली आणि ते उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. वैतागलेले नव्हते, चेहऱ्यावर घाम होता आणि त्यात हसू होते.

"तिघांना ऐकू आला. चांगलं झालं. पण वाजला का?" त्यांनी माझ्या वहीवर मधल्या बोटाने टकटक केली. "धुक्यात चाळीस डब्यांची मालगाडी उभी असायची. शेवटच्या डब्याशी पोचेपर्यंत हात बधिर. शेवटचं चाक ठीकच असणार, असं वाटायचं. असायचंही. पण जे ठोकलं नाही, त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची नाही. जे वाजलं तेवढं लिही, बेटा."

"आणखी एकदा घ्यायचं?"

"हात बघ माझा. आणि काय गं, पोचलो असतो तर मंगळवारपर्यंत करायचं काय होतं? बसून राहायचं?"

ते चहा मागायला आत गेले. लल्लनभैयांनी झांज पिशवीत घातली. मी वही ओढली आणि रकाने भरू लागले. वार, तारीख. वेळ: आठ वाजून दोन मिनिटे. कोन: चोपन्न. लय: एकशे छप्पन्न. शेवटच्या रकान्यात, वाजलेले स्वर: १२४७.